बगळ्याच्या आधीची गोष्ट

परवा मोबाइलवर जाहिरात आली. बगळ्याचा पाचवा भाग येतोय म्हणे. मी बघितली आणि बंद केली. आताशा कशाचंही नवं येणार म्हटलं की मला आधी दमल्यासारखं होतं. तरी बोट प्रभाकरभाऊंच्या नंबरवर गेलंच. मग म्हटलं, नको. सांगितलं तर हा माणूस आजच आगाऊ नोंदणी करून टाकेल, आणि एकदा नोंदणी केली की तो खेळ कितीही भिकार निघो, शेवटपर्यंत खेळेल. मी त्यांना एकदा तसं करताना पाहिलंय. पुन्हा पाहायचं त्राण नाही.

बगळा कोण ते आधी सांगतो. तो एका इंग्रजी व्हिडिओ गेममधला सुपरहिरो. मूळ नाव काहीतरी भारदस्त आहे. पण तो राखाडी अंगरखा, ते काटकुळे पाय, आणि उंच इमारतीच्या कठड्यावर एका पायावर मुकाट उभं राहून एकदम खाली झडप घालायची तऱ्हा पाहून प्रभाकरभाऊंच्या धाकट्या भावानं, विलासनं, पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. निळ्या कपड्यांतला त्याचा दुश्मन म्हणजे खंड्या. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत मग त्या दोघांना दुसरं नाव राहिलंच नाही.

मी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कामाला होतो आणि प्रभाकरभाऊंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. खाली भाऊ, सुमनवहिनी आणि विलास. विलास चाळिशीला टेकलेला, लग्नाच्या भानगडीत न पडलेला. भाऊ त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. दोघांचा कळमन्याच्या मंडीत संत्र्याच्या अडतीचा गाळा होता. शेतकऱ्याचा माल यायचा, हे त्याचा लिलाव करून द्यायचे.

भाऊ आडव्या अंगाचे. आवाज मंडीत ओरडून ओरडून कायमचा बसलेला, त्यामुळे घरात ते कुजबुजल्यासारखं बोलत. नवा माणूस समजायचा, काहीतरी गुपित सांगताहेत. सांगत असायचे एवढंच की भाजीत मीठ कमी आहे. दोन्ही अंगठ्यांची नखं पिवळी. संत्रं दाबून, सोलून बघण्यात जन्म गेलेला, तो रंग कुठल्या साबणानं जाणार. त्यांनी हाताळलेल्या गेमच्या रिमोटलाही संत्र्याच्या सालीचा वास यायचा.

कुठलीही वस्तू ते खालून बघत. लग्नाच्या पंगतीत ताटांच्या चळतीतलं खालचं ताट ओढणार. भाजीवाल्याच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालणार. "वरचा माल दाखवाचा असते," म्हणायचे, "खालचा खरा असते." पण हे सगळं घेण्याच्या आधी. एकदा घेतलं की त्या वस्तूबद्दल चकार शब्द नाही.

हे मंडीतून आलेलं. तिथं संत्र्याचे ढीग लागतात. बोली सुरू असेपर्यंत व्यापाऱ्यानं ढिगाभोवती फिरावं, हात खुपसावा, फळ फोडून चाखावं, कोणी अडवत नाही. पण बोली पुकारणाऱ्या अडत्यानं "तीन वार" म्हणून ढिगावर हात ठेवला की संपलं. मग घेणाऱ्यानं खाली सडकं निघालं म्हणायचं नाही आणि देणाऱ्यानं भाव कमी आला म्हणायचं नाही. बोली लागली का माल उचलाचा. हे वाक्य मी भाऊंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मला आता ते माझ्या बापानं सांगितल्यासारखं वाटतं.

एका उन्हाळ्यात त्यांनी कूलर घेतला. घेताना दुकानदाराला रडकुंडीला आणलं. टाकी उपडी करून पाहिली, वाळ्याची ताटी काढून नाकाला लावली. घरी आणून सुरू केला तर पंप असा घरघरायला लागला की टीव्ही ऐकू येईना.

"वापस करा," वहिनी म्हणाल्या.

"बोली लागली."

"अहो, ते दुकान होय, मंडी नाही होय."

"दुकान असो का मंडी असो, सुमन. माल उचलला ना आपण."

आख्खा मे महिना ते त्या घरघरीसमोर शांतपणे बसून राहिले. सिनेमाचंही तेच. एकदा मध्यंतरात अर्धं थेटर उठून गेलं, वहिनी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन बसल्या, आणि हे शेवटची पाटी सरकेपर्यंत खुर्चीत. कसा होता विचारलं तर म्हणाले, बेकार. मग बसले काहून? तर म्हणे, तिकीट काढलं होतं ना. अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे बाईच्या अंगी दगडाचा संयम हवा. वहिनींच्या अंगी तो नव्हता, त्या दिवसभर पुटपुटत असत, आणि त्यामुळेच सगळं बरं चाललं होतं.

बगळा त्या घरात आणला विलासनं. मंडी पहाटेची, दुपारपर्यंत दोघं मोकळे. आंघोळ, जेवण, की टीव्हीसमोर. मी पहिली पाळी करून चारच्या सुमाराला यायचो तेव्हा खेळ रंगात असायचा, आणि मी चपला काढून मागं टेकायचो. खेळायचा विलास. भाऊ शेजारी बसून बोली बोलायचे. बगळा कठड्यावर एका पायावर उभा राहिला, खाली चोर जमले, की भाऊ त्या फुटक्या आवाजात कुजबुजत, "एक वार... दोन वार..." आणि तीनला विलास बटण दाबे. आधी दाबलं की चिडत.

"घाई कायची बे? गिऱ्हाईक जमू दे ना."

मंडीत बरोबर उलटं होतं. भाऊंचा आवाज गेल्यापासून तिथं बोली विलास बोलायचा आणि भाऊ बाजूला मुकाट उभे राहायचे. दोघांचं हे असं वाटून घेतलेलं होतं, आणि दोघं त्यात सुखी होते.

तिसऱ्या भागाच्या शेवटी खंड्याचा मुखवटा निघाला. आत बगळ्याचा सख्खा धाकटा भाऊ. नावं वर सरकायला लागली तरी आम्ही तिघं तसेच बसून.

"काहून पण?" विलास म्हणाला. "सख्खा भाऊ असून काहून उलटला तो?"

"पुढच्यात सांगतीन," भाऊ म्हणाले.

त्याच वर्षी संत्र्याच्या आंबिया बहराच्या भर हंगामात ते झालं. मी तिथं नव्हतो, मला नंतर वहिनींनी सांगितलं. विलास एका ढिगाची बोली बोलत होता. भाव काही फार चढला नाही. त्यानं तीन वार म्हणून ढिगावर हात ठेवला. भाऊ पलीकडच्या वाहनाजवळ होते, त्यांनी आकडा ऐकला, तरातरा आले, आणि म्हणाले, "थांब. पुन्हा लाव." विलासचा हात अजून ढिगावरच होता. आजूबाजूचे व्यापारी, हमाल, शेतकरी, सगळे गप्प झाले. लागलेली बोली कोणी मोडत नाही, आणि मोडली ती ह्या माणसानं, आणि मोडली ती सख्ख्या भावाची. विलासनं हात उचलला, पँटला पुसला, आणि चालायला लागला. तो पुन्हा गाळ्यावर आला नाही.

महिन्याभरात त्यानं वर्धा रोडकडे खोली घेतली आणि बुटीबोरीत फळं पॅक करायच्या कारखान्यात नोकरी धरली. भांडण नाही, आरडाओरडा नाही, वाटणी नाही. कपडे घेऊन गेला. गेम आणि दोन्ही रिमोट तिथंच सोडले.

त्यानंतर भाऊ बदलले असं काही म्हणता येणार नाही. मंडीत जायचे, यायचे, जेवायचे. फक्त बोली लावायला दुसरा माणूस ठेवला आणि ते "माल उचलाचा" जास्तच कडक झालं. वहिनींनी चुकून कडू काकडी चिरली तरी संपवायचे. विलासचा विषय काढला तर उठून मोरीत पाय धुवायला जात. पण बगळ्याचा दुसरा रिमोट, जो कोणी हातात घेत नव्हतं, तोही ते पहिल्याबरोबर न चुकता चार्जिंगला लावत. मी ते बघायचो आणि काही बोलायचो नाही. आपण भाडेकरू.

मला मात्र विलास रोज दिसायचा. आमच्या कारखान्याबाहेर एक चहाची टपरी होती, तिथं दोन्हीकडची माणसं पाळी सुटल्यावर थांबायची. चहा इतका बेकार की विलास रोज अर्धा पिऊन उरलेला मातीत ओतून द्यायचा. भावाबद्दल कधी एक अक्षर विचारलं नाही त्यानं. फक्त मधूनच विचारायचा, "बगळा आला का गा नवा?" आणि मी नाही म्हटलं की ग्लास ठेवून निघून जायचा.

तर काही वर्षांनी तो आला. चौथा भाग. आणि ही पुढची गोष्ट नव्हती, आधीची होती. बगळा बगळा होण्याआधीची. दोघं भाऊ एका घरात लहानाचे मोठे कसे झाले आणि धाकटा का उलटला, ते म्हणे आता कळणार. भाऊंनी जाहिरात माझ्या मोबाइलवर तीन-चारदा लावायला लावली.

"नोंदणी करून टाक, सुनील."

"भाऊ, थोडं थांबू. लोक काय म्हणतात बघू."

"लोकायचं काय करतं? मले कारण पाहाचं आहे फक्त."

त्यांना त्या खेळातून काय हवं होतं ते मला तिथंच कळलं. दोन भाऊ कसे तुटतात ते कोणीतरी त्यांना नीट मांडून दाखवायला हवं होतं. आणि जमलंच, तर पुन्हा कसे जुळतात तेही. एवढं मोठं ओझं बिचाऱ्या बगळ्याच्या पाठीवर. मला तेव्हाच धास्ती वाटली होती.

खेळ आला आणि पहिल्या अर्ध्या तासात त्याची कळा कळली. बनवणारे दुसरेच कोणीतरी होते. बगळ्याचा आवाज बदललेला, नाकात बोलणारा. त्याला अजून उडी मारता येत नव्हती, एका पायावर उभं राहता येत नव्हतं. मग करायचं काय, तर ह्याचं पार्सल त्याच्या घरी नेऊन द्या, गोदाम झाडा, कोणाची हरवलेली मांजर शोधा. ज्या तलावाच्या काठी आधीचे तीन भाग घडले तो तलावही नव्हता, तिथं नुसती पत्र्याची कुंपणं. माझ्या भाच्यानं दोन दिवसांत सोडून दिला. मी त्याच्याही आधी. साऱ्या जगानं शिव्या घातल्या.

सगळ्यात वाईट होता धाकटा भाऊ, म्हणजे पुढं होणारा खंड्या. तो कायम बगळ्याबरोबर असायचा. दुसरा रिमोट घेऊन कोणी बसलं तर तो माणूस त्याला चालवणार, नाहीतर तो आपोआप मागून येणार. आपोआप म्हणजे कसा, तर दारात अडकायचा. भिंतीला तोंड लावून जागच्या जागी चालत राहायचा. बाकीचे लोक त्याला तसाच सोडून पुढं जात, पुढच्या चौकात खेळ त्याला आपोआप आणून उभा करी. भाऊ मात्र प्रत्येक वेळी मागं जायचे. अख्खं गोदाम उलटं पार करून त्याच्यामागं उभे राहायचे आणि बगळ्याच्या खांद्यानं त्याला ढकलून ढकलून दारातून काढायचे.

"भाऊ, तो येतो आपोआप. तुम्ही पुढं चला."

"राहू दे. अटकून राहिला तो."

कितीतरी दुपारी मी कामावरून आलो की हेच. बाहेर ऊन, आत कूलरची घरघर, आणि हा साठीकडे झुकलेला माणूस एका खोट्या भावाला खोट्या दारातून ढकलतोय. एकदा वहिनी शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "अहो, तुम्ही खेळ खेळून राहिले का खेळ तुमाले खेळून राहिला?" मला त्या माणसाची फार दया आली. आणि खरं सांगायचं तर रागही आला, की कशाला एवढं. सोडा ना.

शेवट झाला तेव्हा मी होतो. दोन्ही भाऊ एका प्रयोगशाळेत शिरतात, एक टाकी फुटते, हिरवा गॅस सुटतो, धाकट्याच्या डोक्यात जातो, आणि तो उलटतो. बस्स. भांडण नाही, शब्द नाही, कोणी कोणाला काही म्हटलं नाही. गॅस.

नावं सरकत राहिली. भाऊंनी ती शेवटपर्यंत सरकू दिली. मग रिमोट खाली ठेवला.

"बेकार होता ना," मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"बेकार तर होताच." त्यांनी पिवळ्या नखानं दुसऱ्या नखाखालचं काहीतरी काढलं. "पण गॅस काहून दाखवला गा यायनं? मंग कोणाचीच चूक नाही झाली. त्याची नाही, याची नाही. मंग माफी कोणं मागाची? कोणाले मागाची? त्या मोठ्याले जागाच नाही ठेवली काही बोलाले."

मी टीव्ही बंद केला.

"असं नसते, सुनील. कोणाची तरी असते चूक. मी त्या दिवशी आलो नसतो मधात तर झालंच नसतं काही. मले वाटलं, लहान आहे, चुकला. चाळीस वर्षांचा माणूस लहान." मग म्हणाले, "लागलेली बोली मोडली म्या."

इतक्या वर्षांत हे वाक्य ते पहिल्यांदा बोलले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि नळ सोडून उगाच भांडी विसळत राहिल्या.

चौथा भाग आल्यापासून विलासनं ते विचारणं सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी टपरीवर मीच विषय काढला. सांगितलं की भाऊंनी तो खेळ पूर्ण केला.

"पूर्ण केला?" विलास जरासा हसला. "बोली लागली असन त्याची. म्या अर्ध्यातच सोडला. काहून उलटला मंग तो खंड्या?"

"गॅसनं. टाकी फुटली."

विलासनं ग्लासातल्या चहाकडे पाहिलं. "सोपं करून टाकलं लेकायनं," म्हणाला, आणि उरलेला चहा मातीत ओतला.

हे मी घरी येऊन भाऊंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, तिथं किती लोक असतात. मी म्हटलं, पाळी सुटते तेव्हा पन्नासेक तर असतीलच. त्यांनी मान हलवली.

त्याच सुमाराला माझी बदली झाली, कंपनीच्या दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात. सामान आणि घरची मंडळी पुढं गेली होती. शेवटच्या दिवशी मी सकाळी बॅग घेऊनच निघालो. बुटीबोरीहून कंपनीची बस मला परस्पर स्टेशनवर सोडणार होती. दुपारी पाळी सुटली, टपरीवर आलो, आणि बघतो तर भाऊंची स्कूटर. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, मंडीचेच कपडे, हातात काही नाही. संत्रीही आणली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "संत्री नेली तर त्याले वाटंन, माल घेऊन आलो."

विलास टपरीच्या कोपऱ्यात ग्लास घेऊन उभा होता. त्यानं भावाला पाहिलं आणि हलला नाही. भाऊ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि दुपट्टा सोडला.

"पाहला तो खेळ. पूर्ण पाहला."

"हाव. गॅस ना," विलास म्हणाला.

"गॅस-फॅस काही नव्हता, विलास. मी होतो."

मग त्यांनी आवाज चढवला. जो आवाज कधीच गेला होता, तो. फाटला, पण टपरीभर ऐकू गेला. "तू लावली ते बोली बरोबर होती. माल तितक्याचाच होता. म्या मोडली. चार लोकांत मोडली, म्हणून चार लोकांत सांगून राहिलो."

माणसं वळून बघायला लागली. कोणाला काही कळलं नाही, कोणती बोली, कसला माल. चहावाल्यानं चमचा हलवायचं थांबवलं.

विलास खाली बघत होता. "झालं बोलून?" त्यानं विचारलं.

"झालं."

विलासनं आजूबाजूच्या माणसांवरून नजर फिरवली, मंडीत फिरवायचा तशी. "अजून कोणाले काही बोलाचं आहे?" कोणाला काय बोलायचं असणार. "एक वार," विलास हळूच म्हणाला. आणि थांबला. भाऊ हात खाली सोडून उभे. "दोन वार."

बसवाल्यानं हॉर्न वाजवला. माझी गाडी होती, मला जाणं भाग होतं. मी बॅग उचलून चढलो, डावीकडची खिडकी धरली. बस मागं-पुढं करत वळत होती. काचेतून ऐकू काहीच येत नव्हतं. विलासचे ओठ हलले, आणि त्यानं हात भाऊंच्या खांद्यावर ठेवला, पंजा पूर्ण पसरून, ढिगावर ठेवायचा तसा. ठेवला तो उचलला नाही. चहावाल्यानं भाऊंच्या हातात ग्लास दिला होता. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि तो बेकार चहा सावकाश पीत राहिले.